पान भिजत घालणे

निपाणीत, जत्राट वेशीच्या आत,
आमच्या माळ्यावर तीन घड्याळं आहेत.
एक पर्थचं, अडीच तास पुढं.
एक टोरांटोचं, साडेनऊ तास मागं.
तिसरं आमचं, ते बंद पडलंय.
निपाणीची वेळ खालून वर येते,
आईच्या कात्रीच्या आवाजानं.

माझं नाव उज्ज्वला बाबासो चौगुले.
तिकडं मी यूजे.
यूजे मार्गारेटबाईंच्या दवाखान्यात
दाढा काढायच्या तारखा देते,
डग्लसच्या कुत्र्याच्या बिस्किटांची बिलं मागते,
त्याच्या सासूच्या वाढदिवसाला फुलं पाठवते
(पिवळी नकोत, मागच्या वर्षी भांडण झालं होतं),
आणि रोज कमीत कमी सहा जणांना
अतिशय नम्रपणे कळवते
की साहेबांना या आठवड्यात अजिबात वेळ नाही.
दुसऱ्याच्या वतीनं नाही म्हणायला
मला फार चांगलं येतं.

मार्चात ब्रिस्टलचा एक आला,
त्याची प्रत्येक मेल अर्जंट.
मी हो म्हटलं.
मग त्याच्या भावालाही हो म्हटलं.

रात्री एकला करंट गेला.
पलीकडनं शांतव्वाकाकू ओरडल्या, होय्तु री!
जणू फक्त त्यांच्याच घरचा गेला.
फोनच्या नेटवर लॅपटॉप जोडून
मी जिन्यात येऊन बसले.
खाली आई मेणबत्तीपुढं विड्या वळत होती,
मांडीवर सूप, बोटांत दोरा, नजर तिसरीकडंच.

किती राहिल्या तुझ्या?
एकशे सदतीस मेल.
राहिलेलं कशाला मोजतीस गं?
झालेलं मोज.
पंचवीस झाल्या की दोरा बांध, कट्टा बाजूला ठेव,
मग पुढचं पान हातात घे.

हसू आलं, पण करून बघितलं.
पंचवीस. घोटभर पाणी. पंचवीस.
पहाटे साडेचारला पाच कट्टे झाले
आणि बारा सुट्ट्या राहिल्या.
त्यातल्याच एका सुट्टीत
मी डग्लसचं विमान सकाळऐवजी रात्रीचं काढलं.

त्याची मेल लांब नव्हती. चार शब्द.
मी त्या चार शब्दांसोबत दोन दिवस जेवले.

आईला सांगितलं तेव्हा ती पानाच्या शिरा काढत होती.
छाट निघाली व्हय? निघतीच.
मुकादम तर चांगल्याबी मोडून टाकायचा, डोळ्यांदेखत,
आणि मजुरी कापायचा.
पण वळताना त्याचं तोंड आठवायचं न्हाई.
बोट वाकडं पडतं.

मग तिनं सुपातलं एक पान उचललं, रात्री भिजवायचं राहून गेलेलं,
आणि मुद्दाम दुमडलं.
ते कडेला चिरलं.
ती काही बोलली नाही.
एवढी वर्षं बघत होते,
रोज संध्याकाळी ती पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते
आणि मग त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही.
मला वाटायचं, कामातून उठली.

सोमवारी ब्रिस्टलच्या भावाला कळवलं
की यूजेला या महिन्यात अजिबात वेळ नाही.
वाक्य तेच होतं,
तरी पाठवायला वीस मिनिटं लागली.

मग कॅलेंडर उघडलं.
हिरवे मार्गारेटबाईंचे, निळे डग्लसचे,
लाल, अर्थातच, ब्रिस्टलचे.
कुठंच नसलेला एक करडा रंग घेतला,
दुपारी चार ते पाच, रोज,
आणि कामाचं नाव विचारलं तिथं मराठीत लिहिलं:
पान भिजत घालणे.

पहिल्याच दिवशी पर्थहून विचारणा आली,
हे काय आहे? नवीन क्लायंट?

चार वाजून वीस मिनिटं झाली होती.
मी गच्चीत होते. हायवेवरून ट्रक चालले होते,
कोल्हापूरकडं, बेळगावकडं,
आणि वखारीच्या बाजूनं तंबाखूचा उग्र वास येत होता.
मेल दिसली.
पाचला उघडली.